ती आपल्या बाजूनेच जात होती

त्या रविवारी नऊ वाजून गेले तरी नंदा आली नाही, तेव्हा मला काळजी वाटली नाही, राग आला. उकडलेले बटाटे ताटलीत थंड होत होते. एक रविवार सोडून एक, ती पहाटे अमरावतीहून सायकलवर निघायची, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्याला माझ्या दाराशी यायची, अर्धा तास टेकायची, मीठ लावलेले बटाटे खायची आणि आल्या रस्त्याने परत फिरायची. जाऊन-येऊन होणारं अंतर तिला एका शर्यतीत सायकलवर कापायच्या अंतराएवढंच होतं, म्हणून तिने माझं घर निवडलं होतं. मैत्रीबित्री नंतर, असं तोंडावर सांगायची. तर मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा पलीकडून एक अनोळखी पुरुष म्हणाला, "या बाईचे तुमी कोण?" मी म्हणाले, मैत्रीण. घरचं कोणी नाही का, असं त्याने विचारलं. मग मूर्तिजापूरच्या अलीकडची, अकोल्याच्या बाजूची एक जागा सांगितली, गाडीने उडवल्याचं सांगितलं, आणि म्हणाला, "या तुमी... पण घाई नका करू आता." घाई करू नका, एवढ्यावरून मला कळलं.

याला दीड महिना झाला. या पुरवणीसाठी लिही असं मला सुचवणाऱ्यांनी एक सल्लाही दिला, की राग शांत झाला की लिही, लेख चांगला होईल. लेख चांगला झाला नाही तरी चालेल. नंदा शांत झालेली आहे, तेवढं पुरे. मी होणार नाही.

आम्ही अकोल्याला वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. ती तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडची, शेतकऱ्याची मुलगी, फार्मसी शिकायला आलेली. मी अकोटची, वडिलांचं कापडाचं दुकान, मराठी घेऊन बी. ए. करत होते. शमीम नावाची मुलगी मराठी शिकते याचं सगळ्यांना कौतुक वाटायचं, नंदाला अजिबात वाटलं नाही. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं ते हे, की तुले पोहता येते का. मी नाही म्हणाले. मग विहिरीत पडली तर काय करशील, असं तिने विचारलं. मी म्हणाले, मी विहिरीजवळ जातच नाही. ती म्हणाली, "मंग तर नक्की पडशीन." तिचा सगळा स्वभाव त्या एका वाक्यात होता. तिला लहानपणी बापाने कमरेला दोर बांधून शेतातल्या विहिरीत सोडलं होतं, कारण ही पोरगी आज ना उद्या पडणारच आहे, तर शिकून पडू दे. मुलीला पोहणं शिकवून काय करतो, असं गावाने म्हटलं असेल. त्याने ऐकलं नाही. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली, आणि या दीड महिन्यात मी अल्लाचे आभार मानले असतील तर एवढ्याचसाठी, की तो हे पाहायला नव्हता.

तिचं लग्न अमरावतीत झालं. नवरा प्रकाशराव, त्यांचं औषधाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. दुपारच्या वेळी ती काउंटरवर बसायची आणि डॉक्टरांचं अक्षर वाचायची. भांडकुदळ होती. उधारी मागणाऱ्याशी भांडायची, झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागणाऱ्याशी भांडायची, आणि माझ्याशी तर फोनवरच भांडायची. ती संत होती असं कोणी लिहिलं तर समजा की तो तिला भेटलेला नाही. पत्त्यांत ती लबाडी करायची. माझ्या भाचीच्या निकाहला यायचं कबूल करून आली नाही, कारण त्या दिवशी तिला लांब पळायचं होतं. आणि त्याबद्दल तिने माफीही मागितली नाही, नंतर येऊन दोन दिवस राहून भाचीला गाडी चालवायला शिकवून गेली.

हे सायकलचं आणि पळण्याचं सगळं सुरू झालं चाळिशी ओलांडल्यावर. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची सायकल अंगणात धूळ खात पडली. नंदा त्या सायकलवर बाजारात जायला लागली. एका सकाळी भाजी आणायला निघाली ती पार भातकुली गावापर्यंत जाऊन आली, कोणाला न सांगता, आणि घरी आल्यावर म्हणाली की मेथी चांगली नव्हती. पुढे पळायला लागली. पुढे चांगली सायकल घेतली. मग कुठूनतरी तिला त्या शर्यतीचं कळलं: आधी जवळपास चार किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची, तिच्यावरून उतरून पूर्ण मॅरेथॉन पळायची, आणि हे सगळं एका दिवसात. मला फोन करून तिने हे इतक्या आनंदाने सांगितलं, की मला वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

काहून, म्हणजे कशासाठी, हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारला. मीही विचारला. ती म्हणाली, "मले पाहाचं आहे जमते का." बास. याच्या मागे काही नव्हतं, आणि नेमकं हेच लोकांना चालेना. गेल्या वर्षी तिने याच शर्यतीचं अर्धं अंतर समुद्रकिनाऱ्यावर पूर्ण केलं, तेव्हा एक मुलगा तिची मुलाखत घ्यायला दुकानात आला. ताई, तुम्हाला काही मोठा आजार होता का, त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. मग घरात काही दुःखद घडलं होतं का? नाही बाप्पा. मग त्या मुलाला काय लिहावं ते सुचेना, आणि त्याने काही लिहिलंच नाही. बाई आजारातून उठलेली पाहिजे, नाहीतर दुःखातून सावरलेली पाहिजे, तरच तिला घराबाहेर पडून घाम गाळायची मुभा. धडधाकट, सुखी बाई केवळ मनात आलं म्हणून सायकल चालवते, ही बातमी होत नाही. बातमी कधी झाली ते पुढे सांगते.

पोहण्यासाठी तिने शहरातल्या एका तलावावर नाव घातलं. बायकांची वेळ भर दुपारची, जेव्हा पाणी चहासारखं तापलेलं असतं, आणि तीही तासभराची. सकाळची वेळ मागायला ती तिथल्या कार्यालयात गेली. कार्यालयाने एका पुढाऱ्याकडे पाठवलं, कारण तलावाचं सगळं त्याच्याच शब्दावर चालायचं. त्या पुढाऱ्याने तिला चहा पाजला आणि आठ माणसांसमोर विचारलं, की वहिनी, आता या वयात पोहून कुठं जायचं आहे? आठही जण हसले. नंदाने चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. पुन्हा तेच. वेळ शेवटपर्यंत मिळाली नाही. तेव्हा ती महिन्या-दीड महिन्याला हिवरखेडला जाऊन बापाच्या विहिरीत पोहायची. विहीर ऐसपैस, पण शेवटी विहीर. सरळ पोहता येत नाही, म्हणून गोल गोल. एकदा मी सोबत गेले होते. काठावर अर्धं गाव वाकून बघत होतं आणि ही खाली तासाभरापासून फिरत होती. भोवळ येत नाही का, मी वरून विचारलं. तर म्हणाली, येते, मग उलटी फिरते. समुद्रातून आल्यावर तिने मला सांगितलं होतं की खारं पाणी माणसाला वर उचलते, विहिरीचं पाणी खाली ओढते. विहिरीत शिकलेल्याला समुद्र म्हणजे गादी. ती पूर्ण शर्यत त्याच समुद्रावर होती. काही आठवडेच उरले होते.

रविवारच्या त्या अर्ध्या तासात आम्ही फार बोलायचो असं नाही. ती बूट काढून फरशीवर पाय पसरून बसायची आणि खायची. रमजानमध्येही आली. माझा रोजा होता, आणि ती समोर बसून खात होती. मधेच थांबून म्हणाली, "काहून व शमीम, तुले तरास तं नाही होऊन राहिला?" मी म्हणाले, होतोय, लवकर संपव. तिने लवकर संपवलं आणि दोन बटाटे मागच्या खिशात टाकून उठली. गल्लीच्या तोंडाशी वळताना ती हात सरळ बाहेर काढून इशारा करायची, मागे कोणी नसलं तरी. त्या रिकाम्या गल्लीतसुद्धा. इतकी ती नियमाची होती.

आता त्या सकाळचं. नंदा रस्त्याच्या डाव्या कडेने, पांढऱ्या पट्टीच्या आतून, आपल्या बाजूने जात होती. डोक्यावर हेल्मेट होतं, मागे-पुढे दिवे लुकलुकत होते, अंगात भडक पिवळा शर्ट होता. उजेड झालेला होता. समोरून, तिच्याच बाजूने, म्हणजे उलट दिशेने, एक मालवाहू पिकअप आली. तिच्या चालकाला ढाब्यावरून निघून मूर्तिजापूर ओलांडून अमरावतीच्या दिशेला जायचं होतं. त्यासाठी त्याने आधी आपल्या बाजूने पुढे जाऊन, दुभाजक जिथे उघडतो तिथून वळून यायला हवं होतं. तेवढा फेरा म्हणजे हातातला चहा कोमट व्हायलाही लागणार नाही इतका वेळ. तो त्याने वाचवला. समोरून येणाऱ्या एका ट्रॅक्टरला चुकवायला कडेला आला, आणि कडेला नंदा होती. इतकंच झालं. याला लोक अपघात म्हणतात. छप्पर कोसळलं, वीज पडली, तर अपघात. उलट्या बाजूने गाडी घालायची हे त्याने ठरवलं होतं. आदल्या दिवशीही ठरवलं असेल, त्याच्या आदल्या दिवशीही, आणि त्याच्या आधी शंभर जणांनी, आणि आपण सगळे आपल्या गाड्यांत बसून ते बघत होतो.

मी पोचले तेव्हा तिला दवाखान्यात नेलेलं होतं. प्रकाशराव अमरावतीहून यायचे होते, म्हणून ठाण्यात मीच बसले. ठाणं कुठलं ते सांगत नाही. टेबलामागच्या माणसाने मला पहिला प्रश्न विचारला तो हा, की बाई एवढ्या सकाळी एवढ्या दूर एकट्या कुठं चालल्या होत्या. मी सांगितलं. त्याने पेन थांबवलं. घरी काही भांडण वगैरे झालं होतं का? नाही. मग सायकलवर काहून? घरी गाडी नाही का? मी म्हणाले, "साहेब, पिकअपवाला उलट्या बाजूनं काहून येत होता, हे त्याले विचारलं का?" तो म्हणाला की तिथून सगळेच येतात, कट दूर पडतो. असं तो सहज म्हणाला, जसं पावसाळ्यात पाऊस पडतो. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, उलट त्याने मला पाणी दिलं. त्याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, आतल्या पानावर, तळाशी: सायकलस्वार महिला ठार. वय चुकलेलं, आडनाव चुकलेलं. चालक जामिनावर सुटला, गाडीही सुटली. नंदाची सायकल मात्र पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारात जप्त मोटारसायकलींच्या ढिगाला टेकवून ठेवली होती. मग फोनवरचे संदेश सुरू झाले. हात जोडलेली चित्रं, दिवे, फुलं. आणि एक वाक्य, जे इतक्या लोकांनी लिहिलं की वाचून वाचून मी फोन बंद करून कपाटात टाकला. आवडीचं काम करताना गेली, भाग्यवान होती. हे लिहिणाऱ्या भल्या लोकांनो, ऐका. नंदाला सायकल चालवायला आवडायचं. गाडीखाली यायला आवडत नव्हतं. तिला त्या शर्यतीत शेवटची का होईना, पण पोचायचं होतं. त्यानंतर आठवडाभर लोळून आंब्याचं लोणचं आणि भाकर खायची होती, मुलीला पुण्याहून आणायचं होतं, आणि माझ्याशी अजून निदान तीस वर्षं भांडायचं होतं. यातलं काही झालं नाही. भाग्य कुठे दिसलं तुम्हाला?

तेरवीला मी गेले. मांडवात बायकांच्या घोळक्यात बोलणं चाललंच होतं, हळू आवाजात, पण ऐकू येईल इतपत. घरचं दुकान चांगलं, नवरा देवमाणूस, पोरगी हुशार, आणखी काय पाहिजे होतं. प्रकाशरावांच्या एक चुलतकाकू शेवटी जरा मोठ्याने म्हणाल्या, "या वयात कशाले पायजे होते हे थेर?" प्रकाशरावांच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, तेरा दिवसांत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. सुनेच्या सायकलीवरून त्यांनीही पूर्वी कुरकुर केली होती हे मला माहीत होतं. पण तिच्यासाठी रोज संध्याकाळी मूग भिजत घालायच्या त्याच. त्यांनी मान वर केली.

"थेर तिनं नाही केले," त्या म्हणाल्या. "ते आपल्या बाजूनं चालली होती. जो उलटा आला त्याच्या घरी जाऊन इचार ना, कशाले पायजे होते थेर. तिथं जाशीन का? नाही जाशीन. तिथं तुह्यानं तोंड नाही उघडनार. मेलेल्या बाईले इचारनं सोपं हाये."

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात घेतला नाही, रडल्या नाहीत. पानं वाढायला घ्या, असं कोणालातरी सांगितलं.

वाटलं होतं हे इथे संपेल. पण मग त्या पुढाऱ्याची माणसं दुकानात आली. भाऊंनी नंदाताईंच्या स्मरणार्थ सायकल रॅली काढायचं ठरवलं होतं. प्रकाशराव तोंडावर नाही म्हणू न शकणारे. जन्मात त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. फक्त बॅनरसाठी फोटो मागितला तेव्हा त्यांनी समुद्रावरचा दिला, शर्यत संपवून पाण्याने-घामाने निथळणारी, दात दाखवून हसणारी नंदा. दुसऱ्या दिवशी तो परत आला. भाऊ म्हणाले, लोकांत बरं नाही दिसणार, साडीतला द्या. शेवटी कुठल्याशा लग्नातला, डोक्यावरून पदर घेतलेला फोटो भाऊंच्या माणसांनीच कुणाकडून तरी मिळवला. बॅनरवर पुढारी पूर्ण उंचीचे, हात जोडलेले, आणि कोपऱ्यात एका वर्तुळात ती, खाली लिहिलेलं रणरागिणी. तो चहा, ती आठ माणसं, तो हशा, सगळं मला तिने सांगितलेलं होतं. आठांतले तिघे तरी बॅनरवर खाली रांगेत होते.

रॅलीला मी प्रकाशरावांसोबत गेले, कारण ते एकटे जाणार होते. पुढे मोठाले भोंगे लावलेली गाडी, मागे एकसारख्या टोप्या घातलेली पोरं. चौकात एका बाजूला हातगाड्यांची गर्दी होती, तेव्हा पुढच्या गाडीने सरळ दुभाजक ओलांडला आणि अख्खी रॅली रस्त्याच्या उलट्या बाजूने चालू लागली. समोरून येणाऱ्यांना शिट्ट्या मारून थांबवत, नंदाताई अमर रहे म्हणत. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. प्रकाशराव थांबले. डोक्यावरची टोपी काढली, जवळच्या हातगाडीवर ठेवली आणि म्हणाले, "शमीमताई, चला." सरळ दुकानाशी येऊन त्यांनी शटर वर केलं.

पुढच्या रविवारी त्यांचा सकाळीच फोन आला की मी तिथं आहे. तिथं म्हणजे कुठे हे विचारावं लागलं नाही. मी निघाले. ढाब्याच्या पुढे, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ते उभे होते, इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. माझ्यासमोर एक पिकअप ढाब्यावरून निघाली आणि सवयीने उलट्या बाजूला वळली. प्रकाशराव चार पावलं चालून तिच्या समोर गेले आणि उभे राहिले. चालक पोरसवदा होता. आधी हॉर्न वाजवला, मग डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, मराचं आहे का?"

"माही बायको इथंच मेली," प्रकाशराव म्हणाले. आवाज चढवला नाही, दुकानात गोळी कधी घ्यायची ते सांगतात तसं म्हणाले. "तू मांगं घे. पुढच्या कटावरून फिरून ये."

मागे दोन मोटारसायकली येऊन थांबल्या, त्याही उलट्याच. कोणीतरी शिवी दिली. चालकाने गाडी मागे घेतली, मोटारसायकली वळल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. वेड लागलंय का, मी म्हणाले, तुम्हालाही उडवतील, मुलीचं काय होईल, आईंचं काय होईल. सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की मुलीला सांगितलं आहे, ती पण यायचं म्हणते. आईनेच सकाळी डबा करून दिला.

मी रागाबद्दल एवढं लिहिलं, पण राग कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. ओरडणारा नाही, इस्त्री केलेला, डबा घेऊन आलेला. आता ते दर रविवारी तिथे असतात. त्याने रस्ता सुधारला असं मी लिहिणार नाही. ते दुकान उघडायला परत गेले की सगळे पुन्हा तसेच येतात, आणि दुभाजकाचा कट जिथे होता तिथेच आहे. ज्यांना हे वाचून हळहळ वाटली असेल, त्यांनी कृपा करून मला संदेश पाठवू नयेत. आपली गाडी पुढून वळवून आणावी.

त्या सकाळी मी त्यांना कडेला ओढत होते, तेवढ्यात ढाब्यावरून एक पांढरी कार निघाली, आत कुटुंब, मागच्या काचेवर देवाचं नाव. तीही उलटीच वळली. प्रकाशरावांनी माझा हात हळूच सोडवला आणि पुन्हा रस्त्यात जाऊन उभे राहिले.